ऑनलाइन राजकारणाचे खेळ: आपण कशासाठी खेळतो ते ओळखायचं कसं

दर महिन्याच्या पाच तारखेला दुपारी कॉलेजचा एक पोरगा माझ्या सायबरमध्ये यायचा. साल २००९. बेळगावच्या शहापुरात माझं दुकान, सहा मशीन, तासाला वीस रुपये. तो अर्धा तास बसायचा, दहा रुपये गल्ल्यावर ठेवायचा आणि जायचा. मेल बघायचा नाही, ऑर्कुट उघडायचा नाही. एकदा मागं जाऊन बघितलं, तर पठ्ठ्या मतदान करत होता. ईरिपब्लिक नावाच्या खेळात प्रत्येक देश आपला अध्यक्ष महिन्याच्या पाच तारखेला निवडतो, पंधराला पक्षांचे प्रमुख, पंचवीसला काँग्रेस, म्हणजे त्या खेळातली संसद. "कोण उभारलंय?" म्हणून विचारलं, तर त्यानं सगळी कुंडली मांडली. कुठला पक्ष फुटला, कुणी कुणाला फोडलं, कुणाची मतं ऐनवेळी फिरणार. "आणि तुला काय मिळतं यातून?" यावर मात्र तो अडकला. थोड्या वेळानं म्हणाला, "तिथं माझं मत मोजतात की दादा."

मी तेव्हा हसलो होतो. घरी जाताना मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. आमच्याकडं मतं मोजत नाहीत असं नव्हे. मोजतात, माणूस निवडून येतो, पडतो. खरं ज्या प्रश्नासाठी, म्हणजे बेळगावचा हा मराठी भाग महाराष्ट्रात की कर्नाटकात या सीमाप्रश्नासाठी, आमच्या आज्यापासून मतं पडत आली, तो १ नोव्हेंबर १९५६ पासून आहे तिथंच आहे, आणि २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. (आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात. पुढंही येईल, सवय करून घ्या.) अशा लांबणीत वाढलेल्या पोराला बटण दाबल्याबरोबर काहीतरी हललेलं दिसलं, की ते गोड लागणारच, अशी मी मनाची समजूत घातली. मग कळलं, की त्या खेळात सगळ्यात जास्त गर्दी रुमानिया, सर्बिया, हंगेरी, पोलंडवाल्यांची. ते काही आमच्या तारखा मोजत बसले नव्हते. म्हणजे माझं उत्तर अर्धंच होतं.

सायबर केव्हाच मोडलं. त्याच जागेत आता झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, उतारे काढून देणं चालतं. शनिवारी संध्याकाळी मात्र शटर अर्धं ओढून पाच-सात पोरंपोरी बसतात आणि आम्ही देश चालवतो. खाली जे लिहितोय ते त्या बैठकांतून शिकलेलं आहे. तुम्ही असा एखादा खेळ सुरू केला असेल आणि रात्री एकला अजून का जागे आहोत हे तुमचं तुम्हालाच कळत नसेल, तर ते शोधायचं कसं हे यात सापडेल. आणि मंडळातल्या पोरांना घेऊन खेळायचा बेत असेल, तर कुणाला कुठं बसवायचं तेही.

'का खेळतोस?' असं विचारू नका

या प्रश्नाला सगळे खोटं बोलतात. मुद्दाम नव्हे. राजकारण समजतं, जनरल नॉलेज वाढतं, इंग्रजी सुधारतं, ही आईबापांना द्यायची उत्तरं पाठ झालेली असतात. त्याऐवजी विचारा: लॉगिन केल्याबरोबर पहिल्यांदा कुठं बघतोस?

आम्ही मुख्यतः नेशनस्टेट्स खेळतो, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. मॅक्स बॅरी या ऑस्ट्रेलियन लेखकानं नोव्हेंबर २००२ मध्ये स्वतःच्या कादंबरीची जाहिरात म्हणून हा खेळ काढला आणि तो अजून चालू आहे, फुकट. तुम्ही एक देश काढायचा. त्याचं नाव, झेंडा, चलन, राष्ट्रीय प्राणी तुम्हीच ठरवायचं. मग सरकारपुढं प्रश्न येत राहतात, प्रत्येकाला दोन-चार सल्लागार आपापला तिरपागडा सल्ला देतात. एक निवडा, नाहीतर प्रश्न फेकून द्या. निवडल्याक्षणी परिणाम समोर: हा आकडा चढला, तो उतरला, देशाचं वर्णन बदललं. नागरी हक्क, अर्थव्यवस्था आणि राजकीय स्वातंत्र्य यांच्या मापावर सरकारांचे २७ प्रकार आहेत, आणि तुमचा देश सौम्य लोकशाहीपासून माथेफिरू हुकूमशाहीपर्यंत कुठंही जाऊन पडू शकतो. जिंकणं असं काही नाहीच.

आता बघा. आमच्यातला एकजण आधी आकडे बघतो. एकजण निरोप आलेत का ते बघते. एकजण सरळ जागतिक क्रमवारीत जातो. एकटी अशी आहे, की ती रोज फक्त आपला झेंडा बघते, खरोखर. प्रत्येकाचं खेळायचं कारण तिथंच कळतं.

दुसरी कसोटी काढून घ्यायची. डोळे मिटायला लावा आणि सांगा, उद्यापासून निरोप बंद, प्रश्न आणि आकडे चालू. खेळशील? नाही म्हणाला, तर तो माणसांसाठी येतो. मग उलट करा: आकडे गायब, गप्पा चालू. असं एकेक काढत जा. जे काढल्यावर चेहरा उतरतो, ते त्याचं कारण. एकट्यानं खेळत असाल तर आठवडाभर वहीत दोनच गोष्टी लिहा, पहिलं बोट कुठं गेलं आणि उठताना काय सोडवत नव्हतं. आठ दिवसांत कळतं. मला स्वतःबद्दल जे कळलं ते फार भूषणावह नव्हतं, ते पुढं सांगतो.

माणसं कशाला धरून बसतात

यावर अभ्यास झालेला आहे. रिचर्ड बार्टल या इंग्रज माणसानं, ज्यानं १९७८ मध्ये रॉय ट्रबशॉसोबत संगणकावर अनेकांनी मिळून खेळायचा पहिला, नुसत्या मजकुराचा खेळ घडवला, १९९६ मध्ये खेळाडूंचे चार प्रकार मांडले: मिळवणारे, धुंडाळणारे, गप्पिष्ट आणि दुसऱ्याला छळणारे. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, निक यी यांनी खेळाडूंच्या उत्तरांवरून तीन गठ्ठे केले: कमावणं, माणसं आणि त्या जगात बुडून जाणं. त्याच वर्षी रायन, रिग्बी आणि प्रिझिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलं, की आपल्या मर्जीनं वागता येणं, जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी नातं जुळणं, या तीन भुका भागल्या की माणूस खेळाला चिकटतो. तिघांचंही खरं आहे. तरी राजकारणाच्या खेळात मला जे दिसतं ते जरा वेगळ्या वाटणीचं आहे.

सगळ्यात जोरकस कारण, माझ्या मते, बोलावणं. तुझ्या एका पाठिंब्यावर अडलंय, असा निरोप येणं. नेशनस्टेट्समध्ये देशांचे गट असतात, त्यांना रीजन म्हणतात. तिथल्या जागतिक सभेचे सदस्य असलेले देश एकमेकांना पाठिंबा देतात आणि ज्याला जास्त पाठिंबे तो त्या रीजनचा प्रतिनिधी होतो. म्हणजे नव्या, अडाणी, काल आलेल्या देशालाही पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारायला येतं. निपाणीकडचा एक पोरगा आमच्यात आहे. घरात तिघा भावांत धाकटा, त्याला म्हैस कधी विकली तेही विचारत नाहीत. त्याला ब्राझीलमधला कोणीतरी "आपलं काय मत?" असं विचारतो. तो खेळ सोडेल कशाला? निवडणुकीच्या आधी गल्लीतले पंच घरी येऊन चहा पितात तेव्हा वडिलांची मान जी ताठ होते, ती याला रोज मिळते.

खुर्चीबद्दल जास्त सांगायला नको. आपल्याकडं गणपती मंडळाच्या खजिनदारपदावरून दोन-दोन वर्षं अबोला असतो.

उलथवणाऱ्यांची जात मात्र समजून घेण्यासारखी आहे. नेशनस्टेट्समध्ये दिवसातून दोनदा सगळ्या जगाचा हिशेब नव्यानं होतो. टोळ्या काय करतात, तर त्या हिशेबाच्या नेमक्या क्षणाआधी आपले देश दुसऱ्याच्या रीजनमध्ये घुसवतात, आपल्यातल्याच एकाला पाठिंबे देतात, आणि हिशेब झाला की तिथला प्रतिनिधी त्यांचा. याविरुद्ध राखण करणाऱ्याही टोळ्या आहेत. हे सगळं नियमात बसतं. बाहेरच्याला हा नुसता खोडसाळपणा वाटेल. बेळगावच्या माणसाला वाटू नये. १९९६ च्या लोकसभेला आमच्या मतदारसंघात ४५६ उमेदवार उभारले होते. सीमाप्रश्नाकडं दिल्लीचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीनं शेकड्यांनी अर्ज भरायला लावले. मी तेव्हा तेरा वर्षांचा. वडील सांगायचे, मतपत्रिका कसली, वहीच होती. अर्ज भरून आलेल्या आमच्या एका काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो निवडून येण्याचा नव्हता, पाचशे रुपयांत अख्खी यंत्रणा करकरायला लावल्याचा होता. पुढं त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेचं डिपॉझिट पाचशेचं दहा हजार झालं. नियम कुठवर ताणला जातो ते बघण्यात एक वेगळीच मजा आहे, आणि रीजनवर छापा घालणाऱ्या पोराच्या डोळ्यांत मला काका दिसतात.

यंत्र उघडून बघणारे शांत असतात, ओळखू येत नाहीत. कर वाढवला तर गुन्हे का वाढले, हे त्यांना दोन दिवस खातं. त्यांना डेमॉक्रसी ४ द्या. तो एकट्यानं खेळायचा आहे, ऑनलाइन नव्हे, विकत घ्यावा लागतो. सगळी धोरणं गोलांत आणि कोण कुणावर परिणाम करतं त्याच्या रेघा. तिथला मतदार एकाच वेळी शेतकरी, देवभोळा आणि गाडीवाला असतो, त्यामुळं डिझेलचा दर वाढवला की तो कुठून चिडला ते शोधावं लागतं.

राहिला झेंडा बघणारा प्रकार. अशा माणसाला आपला एक तुकडा हवा असतो, नकाशावर आपल्या नावाचा. त्याच्या अंगावर प्रश्न आणि निवडणुका लादू नका, त्याला इतिहास लिहू द्या, नोटा रंगवू द्या. आमच्या झेंडेवालीनं आपल्या देशाची राष्ट्रीय मिठाई कुंदा ठरवली आहे आणि त्यावर कुणाला बोलू देत नाही.

आणि मी? मी निरोप वाचतो. दुसऱ्यांचे. कोण कुणाशी बोलतंय, कोण रुसलंय, रीजनच्या भिंतीवर काय चाललंय. सायबरच्या काऊंटरवर बसून आठ वर्षं जे केलं तेच.

शनिवारची बैठक कशी लावायची

पाच ते सात जण पुरे. दहा झाले की दोन पक्ष पडतात आणि चहा वाढतो.

पहिल्या शनिवारी एकच देश काढा, सगळ्यांचा मिळून. प्रश्न इंग्रजीत असतात आणि विनोदी ढंगात लिहिलेले असतात. ज्याचं इंग्रजी बरं आहे त्यानं आपल्या बोलीत वाचून दाखवायचं. वाचताना सल्लागारांची सोंगं काढली तर उत्तम. मग हात वर करून निर्णय. असे पाच-सहा प्रश्न झाले, की वर सांगितलेली कसोटी लावा आणि लक्ष ठेवा. निर्णयावर भांडतो तो कोण, निकाल वाचायला पुढं वाकतो तो कोण, आणि निर्णय काहीही होवो, शेजारच्याला कोपर मारून हसतो तो कोण.

दुसऱ्या शनिवारपासून प्रत्येकाचा आपला देश आणि सगळ्यांचं मिळून एक रीजन. इथं एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवा. जागतिक सभेत एका माणसाला एकच देश घालता येतो. एकाच वायफायवरून सहा देश सभेत शिरले, तर एकच माणूस सोंगं करतोय असा संशय येतो. आपापला मोबाइल डेटा वापरा. रीजनला पासवर्ड लावा. आता कामं वाटा. बोलावण्यासाठी येणाऱ्याला नव्या देशांचं स्वागत आणि दुसऱ्या रीजनशी पत्रव्यवहार द्या. खुर्चीवाल्याला प्रतिनिधी करा, खरं चार आठवड्यांची मुदत आधीच ठरवून. यंत्रवाल्याला वही द्या, कुठल्या निर्णयानं काय हललं ते लिहायला. उलथवणाऱ्याला आपल्याच नियमांतली भोकं शोधायचं काम द्या. पासवर्ड त्याला सांगू नका.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर आम्ही स्वतःचे प्रश्न लिहायला लागलो, आणि तिथं मी एक चूक केली. प्रश्न असा लिहिला: तुमच्या देशाच्या सरहद्दीवरच्या एका जिल्ह्यात लोक वेगळी भाषा बोलतात. त्यांना जमिनीचे उतारे आणि दवाखान्याच्या पाट्या त्यांच्या भाषेत हव्यात. खर्च वाढेल, इतर जिल्हे कुरकुर करतील. काय करणार? आमच्यातला एकजण दर १ नोव्हेंबरला सीमाभागातल्या मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या फेरीत काळा शर्ट घालून पुढं असतो, घोषणा त्याच्याच. त्यानं एका दमात सांगितलं, देशाची भाषा एकच, उतारे त्याच भाषेत, ज्याला अडेल त्यानं शिकावी. खोलीत एकदम गप्पगार. वडगावच्या विणकराघरचा पोरगा, ज्याच्या घरात कन्नड बोलतात, हळूच म्हणाला, "काय करालास रे हे?" आणि मी, शहाणा, मोठ्यानं हसलो.

तो पोरगा लाल झाला. "तिथं मी सरकार आहे," म्हणाला. "सरकारला असंच दिसतं." आणि चप्पल घालून गेला. दोन शनिवार आला नाही. तिसऱ्या शनिवारी मी त्याच्या घरी गेलो, त्याच्या आईच्या हातचं पोहं खाल्लं, खेळाचं नाव काढलं नाही, तेव्हा कुठं चौथ्याला आला.

त्याचं म्हणणं मात्र मी वहीत लिहून ठेवलं. माणूस आपलीच मतं खेळात खेळायला येतो असं आपण धरून चालतो. बरेचजण नेमकं उलट करायला येतात. रोज ज्या बाजूला उभं राहावं लागतं तिच्या पलीकडून कसं दिसतं, हे बघायला. बाहेर ती मुभा नसते. शनिवारी खोलीत ती मिळाली होती आणि मी हसून मोडली. तेव्हापासून आमच्यात एकच नियम काटेकोर आहे: खेळात कोण काय निवडतो त्याचा संबंध त्याच्या गल्लीशी, शर्टाशी, घरच्या भाषेशी जोडायचा नाही. खोलीत नाही, बाहेर तर नाहीच, आणि स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सअॅपवर टाकायचा तर प्रश्नच नाही. आमच्यासारख्या भागात हा नियम पहिल्या दिवशी सांगा. मी पाचव्या आठवड्यात सांगितला.

कारण बिघडतं कधी

बोलावण्यासाठी खेळणारा सगळ्यात आधी अडकतो, कारण त्याला 'नाही' म्हणता येत नाही. जगाच्या दुसऱ्या टोकाचा कुणीतरी पहाटे तीनला हजर राहा म्हणतो आणि हा राहतो. त्याला एक वाक्य शिकवून ठेवा: मी रात्री दहानंतर नसतो. पहिल्यांदा पाठवताना हात थरथरतो, नंतर कळतं की जग चालू राहतं.

खुर्चीवाला पैसे घालायला बघतो. यातल्या बऱ्याच खेळांत पैसे देऊन जास्तीच्या सोयी मिळतात. पैसे लावून पैसे जिंकायचे ऑनलाइन खेळ वेगळे, त्यांच्यावर केंद्रानं २०२५ च्या कायद्यानं बंदी आणली आहे. हे त्यातले नव्हेत, इथून जिंकून घरी काही येत नाही, जातं तेवढं. आमच्यात ठरलंय, शनिवारचा चहा सोडून खर्च शून्य.

यंत्रवाल्याची काळजी करू नका. तो एक दिवस सगळं समजलं म्हणून आपणहून उठून जातो.

परीक्षा आल्या की सोडायचं कसं, हेही आधीच माहीत असलेलं बरं, कारण "देश मरेल" या भीतीनंच पोरं अभ्यासातून उठतात. नेशनस्टेट्समध्ये २८ दिवस फिरकला नाहीत तर देश नाहीसा होतो. सुट्टीची सोय चालू केली तर ६० दिवस टिकतो, तेवढ्यात बारावी आटपते. आणि नाहीसा झाला तरी रडायचं कारण नाही, जुन्या नावानं आणि पासवर्डनं लॉगिन करून तो परत उठवता येतो. पासवर्ड तेवढा कागदावर लिहून ठेवा. माझा पहिला देश मी सायबरच्या चार नंबर मशीनवर काढला होता, पासवर्ड त्या मशीनलाच पाठ होता, आणि ते मशीन मी सातशे रुपयांना भंगारवाल्याला दिलं.